बंद तोंडाची चाचणी

माझ्या वाचा-उपचाराच्या खोलीत दोन खुर्च्या, एक आरसा, एक मायक्रोफोन आणि वीस कार्डं होती. प्रत्येक कार्डावर एक शब्द. काकांनी तो मोठ्याने वाचायचा आणि भिंतीपलीकडे हेडफोन लावून बसलेल्या माणसाने ऐकू आला तसा लिहायचा. ती भिंत आवाज जाऊ देत नाही.

काका अग्निशमन केंद्रात वायरलेसवर बसायचे. डोक्याला मार लागला आणि जीभ जड झाली. अनोळखी माणसाला वीसपैकी सोळा शब्द कळले तरच त्यांना कामावर परत घेणार होते. पहिल्या चाचणीत सात कळले.

"माझ्याकडे द्या तो हेडफोन," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार केलाय. नुसते खाकरले तरी कळतं मला."

काकूंना वीसच्या वीस कळले. सवयीच्या कानाला जास्त कळतं, त्यात नवल नाही. पण त्यांचा कागद हातात घेताना माझं लक्ष टेबलाखाली गेलं. या वेळी मायक्रोफोनची पिन खोचायचीच राहून गेली होती.

मी दुसरी कार्डं काढली, पिसली. "काका, आता तोंड मिटून. मनातल्या मनात वाचा."

बादली. पाऊल. कुलूप. काकूंनी सगळे शब्द लिहिले, त्याच क्रमाने.

"पूर्वी हे ताकाला तूर लागू द्यायचे नाहीत," त्या हसून म्हणाल्या. "मार लागल्यापासून सगळं कळतं. म्हणून म्हणते, कशाला जीभ झिजवायची? मी आहे ना!"

त्या पाण्याची बाटली भरायला गेल्या, तसं काकांनी माझं मनगट धरलं.

"मला... बोलायचंय. नीट... बोललो... की तिला... आतलं... ऐकू येणार नाही."

"असं कोण म्हणालं?"

त्यांनी ओठ उघडले. शब्द यायच्या आधीच बाहेरून काकूंचा आवाज आला, "अहो, कोण कशाला म्हणायला हवं? तुम्हाला तसं वाटतं, एवढंच."

मग काका हट्टालाच पेटले. आरशात बघून ओठ ताणायचे, दर अक्षराला टेबलावर टिचकी मारायचे, लाळ पुसून पुन्हा पहिल्यापासून. काकू बाहेर बाकावर बसायच्या. मध्येच एकट्या हसायच्या. तेव्हा काका मान खाली घालायचे.

शेवटच्या चाचणीला सगळी कार्डं नवी होती. आधी अनोळखी श्रोता. नंतर काकू, काकांचं तोंड बंद, पिन काढलेली.

अनोळखी श्रोता : वीसपैकी सतरा.

काकू : वीसपैकी वीस.