भिंतीकडे तोंड केलेला संत

आजीचा पिकल्या केसांचा मुलगा स्टुलावर चढला आणि त्यानं फळीवरच्या संत अंतोनींच्या पुतळ्याला हात घातला. तेवढ्यात खालून बहिणीचा आवाज आला. बोलणं त्याच्यासाठी होतं, पण पत्ता भाचीचा होता.

"तुझ्या बाबांना सांग, आईनं फिरवलेल्या संताला हात लावायचा नाही."

"बाबा, हात लावायचा नाही," त्याची मुलगी, आजीची नात, सोफ्यावरून म्हणाली.

"तुझ्या आत्याला म्हणावं, फादर प्रार्थनेला यायची वेळ झाली. त्यांच्यासमोर संतानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं?"

"आत्या, फादर..."

"ऐकलं मी."

आजीचं दफन काल झालं होतं. आजोबा गेल्यावर ती कोणाकडे राहणार, यावरून या भावाबहिणीचं बिनसलं होतं. नकोशी होती म्हणून नव्हे, दोघांनाही हवी होती म्हणून. ती कोणाकडेच गेली नाही. याच दोन खोल्यांत राहिली. दोघांनी मात्र आपसांत बोलणं टाकलं. तेव्हापासून निरोप नातीमार्फत जात. नात शहराची बस चालवायची. इकडचं तिकडे पोचवण्यात तिला काही वावगं वाटत नसे.

आजीनं उभा जन्म हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री केली. "दिवसभर उभंच राहायचंय, म्हणून सकाळी देवासमोर गुडघे टेकून घेते," असं ती सांगायची. तिनं चर्चमधली मिस्सा कधी चुकवली नाही. शेजाऱ्यांची निंदाही फारशी चुकवली नाही, पण ज्याची निंदा केली त्याच्या नावानं रोजरीची माळ जपून झाल्यावर एक 'नमो मारिया' जास्तीचा म्हणायची. त्या हिशेबानं निम्मी गल्ली तरून जायला हरकत नव्हती. नातीच्या हाती पहिल्यांदा बस आली, तेव्हा आजीनं पवित्र पाणी असं सढळ हातानं शिंपडलं की पुढच्या रांगेतले प्रवासी रुमाल शोधू लागले.

संतांशी मात्र तिचा व्यवहार रोखठोक होता. मागणं मान्य होईपर्यंत अंतोनींनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. त्यांच्या कडेवरच्या बाळ येशूचा यात काही दोष नव्हता, म्हणून त्याच्या नजरेसमोर येईल असं कॅलेंडरातलं फुलांचं चित्र तिनं भिंतीवर चिकटवलं होतं. फादरांनी एकदा, हे बरं नव्हे, असं सुचवून पाहिलं. "मग तुम्ही बोला त्यांच्याशी," आजी म्हणाली, "तुमचं ऐकतील." फादरांनी विषय बदलला.

या वेळी शिक्षा फार लांबली होती. आणि मागणं काय होतं, ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

"माझ्या सिगारेटसाठी असणार," मुलगा स्टुलावरूनच म्हणाला. "तेवढी एकच काळजी होती तिला."

"तुझ्या आजीला एवढी एकच काळजी होती म्हणे," आत्या नातीला म्हणाली. "माझा गुडघा कोणाला दिसतच नाही."

"गुडघ्यासाठी डॉक्टर असतो. संताला कशाला त्रास देईल?"

"मग सिगारेटसाठी पानवाला असतो." आत्या थेट भावाकडे वळली. "मॅट्रिकला गणितात लटकलास, तेव्हा बिचारा संत पुरवणी परीक्षेपर्यंत भिंत बघत होता."

"आणि तुझ्या लग्नाच्या वेळी? स्थळ पसंत पडेपर्यंत त्याच्या पाठीवर धूळ साचली होती. मीच पुसायचो."

"तू पुसायचास?"

"आई म्हणायची, शिक्षा वेगळी, स्वच्छता वेगळी."

आत्याला हसू आलं. ते दाबायला तिनं पदर तोंडाशी नेला आणि मग तो डोळ्यांकडे गेला.

"कसली बाई होती, दादा. स्वर्गातल्या माणसाला कोपऱ्यात उभं करायची, आणि तोही उभा राहायचा."

"आता समोरासमोर गाठ पडली असेल. मला तर त्याचीच काळजी वाटतेय."

"वाटू दे. आधी खाली उतर. या वयात स्टुलावर चढायला सांगितलं कोणी?"

तो उतरला. उतरताना त्यानं बहिणीच्या खांद्याचा आधार घेतला. मग दोघं स्टुलाशीच उभे राहून, संताला कोणापायी जास्त शिक्षा झाली यावर भांडू लागले. मागे हटायला कोणी तयार नव्हतं. तो मान दोघांनाही स्वतःकडेच हवा होता.

बराच वेळ आपल्याकडे कोणी निरोप दिलेला नाही, हे नातीच्या लक्षात आलं. ती सोफ्यावरून उठली, स्टुलावर चढली आणि तिनं पुतळा अलगद खोलीकडे फिरवला.

"अगं," आत्या म्हणाली, "तिनं काय मागितलं होतं, ते कळल्याशिवायच?"

"आता हरकत नाही, आत्या."

"हरकत नाही म्हणजे? का?"

दारावर टकटक झाली. नात उतरली आणि फादरांना दार उघडायला गेली.

"दादा, कॉलरचं बटण लाव," मागे आत्या म्हणत होती.

"लावलंय."

"वरचं."