गादीवाल्या बाईंची पोटदुखी

गादीवाल्या बाईंना गुंडाळणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. गाद्यांचे कारखाने उभे करून त्या आता दवाखान्यांना नि विद्यापीठांना सढळ हाताने द्यायच्या, पण आधी स्वतः ठोकून बघायच्या. विद्यापीठ असेल तर वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं. एकदा तिथे त्यांना डुलकी लागली, आणि ज्या प्राध्यापकाने खडसावून उठवलं त्याच्याच विभागाला नवी प्रयोगशाळा मिळाली! दवाखाना असेल तर जुने कपडे घालून रांगेत उभं राहायचं नि पोट दुखतंय म्हणायचं. सोंग असं झकास वठायचं की मुलगा म्हणे, आई, तू नाटकातच जायला हवं होतंस.

या वेळचा दवाखाना शस्त्रक्रियेचा नवा विभाग मागत होता. एरवी डॉक्टर मान वर न करता गोळ्या लिहून देत. इथली तरुण डॉक्टर मात्र हात धुऊन मागे लागली. पोट दाबून पाहिलं, शंभर प्रश्न विचारले, वर सोनोग्राफीलाही पाठवलं. बाई मनातून खूश. पोरगी पास!

रिपोर्ट घेऊन आली ती खुर्ची ओढून जवळच बसली. दुखण्याचं कारण सापडलं नव्हतं, पण मूत्रपिंडावर गाठ होती. लक्षण बरं नव्हतं, लवकर काढायला हवी होती.

कसलं सोंग नि कसलं काय, बाईंनी आपण कोण ते सांगून टाकलं आणि मुलाला बोलावलं. तो आला तो एका बड्या इस्पितळात खोली ठरवूनच. इथे नवा विभाग हवाय म्हणजे जुन्यात काहीतरी कमी असणारच, असं त्याचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. बाईंना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण जिथे झोपायची आपली हिंमत नाही, तिथे लोकांना झोपवायला पैसे द्यायचे कोणत्या तोंडाने?

त्यांनी डॉक्टरला विचारलं, "तुझ्या आईला इथे ठेवलं असतंस?"

"ठेवलं होतं."

"बरी झाली?"

डॉक्टरने नजर चुकवली नाही. "नाही, आजी. गेली. फार उशिरा कळलं होतं. पण पुन्हा वेळ आली तरी मी तिला इथेच आणेन."

बाईंकडे मागायला आलेल्या कुणीही आजवर आपलं अपयश असं सरळ सांगितलं नव्हतं.

"ती खोली रद्द कर," त्या मुलाला म्हणाल्या, "आणि हिला विचार, ऑपरेशनला उपाशी यायचं ना?"