मी कोपऱ्यातली चौकट

मी चौकट बोलतेय. दाराची नव्हे आणि भिंतीवरच्या फोटोचीही नव्हे. टीव्हीवर घरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ चालू असतो आणि वरच्या कोपऱ्यात पत्त्याएवढं आणखी एक चित्र हलत असतं, पाहिलंय ना? ती मी. लोक मला नुसतं 'ते छोटं' म्हणतात. म्हणू देत बापडे. ज्याच्यासाठी व्हिडिओ लावलेला असतो, तो माणूस बहुतेक वेळा माझ्यातच असतो.

माझा जन्म रोह्याचा. मोहल्ल्यातल्या शरीफभाईंच्या घरी, माडीवरच्या खोलीत, पेणच्या एका दुकानातून आणलेल्या जुन्या कंप्युटरवर. मला बनवलं त्यांच्या मुलीने, उजमाने. कॉलेजात जाणारी पोरगी, पण हे काम तिला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकली. व्हिडिओ जोडताना पडद्यावर एकावर एक पट्ट्या असतात, त्यातल्या खालच्या पट्टीवर मोठं चित्र टाकायचं, वरच्या पट्टीवर दुसरं. मग त्या दुसऱ्याचा कोपरा धरून ते लहान करायचं आणि सरकवत नेऊन बसवायचं. पहिल्या खेपेला बाईसाहेबांनी मला नेमकं स्वतःच्या अब्बांच्या तोंडावर बसवलं. शरीफभाई हसून म्हणाले, राहू दे, माझ्या दाढीपेक्षा पोराचं तोंड बघायला बरं.

हा पोरगा म्हणजे उजमाचा मोठा भाऊ, सुफियान. आधी इथल्याच एका कंपनीत शिफ्टला जायचा, मग कतारला गेला. तेव्हापासून ईद आली की ठरलेलं असायचं. घरी दस्तरखान अंथरला की सुफियानचा व्हिडिओ कॉल लागायचा. तो तिकडे आपल्या खोलीत ताट घेऊन बसायचा, ही मंडळी इकडे बसायची आणि सगळे एकत्र जेवायचे. उजमा दोन्हीकडचं रेकॉर्ड करायची. नंतर जोडताना इकडचं हसणं आणि तिकडचं हसणं बरोबर एका वेळी येईल असं बसवायची. मग पेनड्राइव्ह टीव्हीला लागायचा आणि तिची अम्मी आमना तो व्हिडिओ पुढचे कित्येक दिवस बघायची. मोठ्या चित्रात ती स्वतः असायची, पण स्वतःकडे तिने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष माझ्याकडे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

यंदा रमजान ईद झाली आणि थोड्या दिवसांनी आमनाच्या छातीत दुखायला लागलं. तिला पनवेलला नेलं, ऑपरेशन झालं. ती तिकडे खाटेवर असतानाच कतारहून फोन आला. सुफियान उन्हात काम करता करता पडला, तो उठलाच नाही.

शरीफभाईंनी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तो फोन घेतला. मय्यत पाठवायची की तिथेच दफन करायचं, असं पलीकडून विचारत होते. शरीफभाई म्हणाले, तिथेच करा. घरी आणली असती तर आमनाला सांगावं लागलं असतं आणि डॉक्टरांनी तर बजावलं होतं, बाईंना धक्का लागू देऊ नका. म्हणून ठरलं, ती जरा सावरली की सांगू. मोहल्ल्याला गप्प राहायला सांगितलं. मोहल्ला राहिलाही गप्प, पण डोळ्यांना कोण सांगणार? भेटायला येणारी प्रत्येक बाई आमनाकडे बघून पदर तोंडाला लावायची आणि पाच मिनिटांत उठायची. आमना एकदा वैतागून म्हणाली, मी मरतेय काय, मला तरी सांगा.

सुफियान फोन का करत नाही, याला उत्तर तयार होतं. लांब वाळवंटात काम लागलंय, तिथे रेंज नाही. आमना म्हणाली, बरं, बकरी ईदला तरी करेल. त्या ईदची वाट बघत तिने औषधं वेळेवर घेतली, नको असताना दोन घास जास्त खाल्ले. ईद आली, दस्तरखान अंथरला आणि फोन वाजला नाही. जेवून, गोळी घेऊन ती झोपली. उठल्यावर उजमाने सांगून टाकलं, भाईचा फोन आलेला, तू झोपली होतीस, मी रेकॉर्ड करून ठेवलंय.

"मला उठवायची व्हतीस ना गो," एवढंच आमना बोलली. पण इतकी लागट बोलली की उजमा खाली मान घालून माडीवर गेली.

तिथे तिने जुन्या फायली काढल्या. रमजान ईदच्या कॉलमधला एक तुकडा गेल्या व्हिडिओत घातलेला नव्हता. सुफियान मुकाट्याने जेवतोय, मध्येच मान वर करून हसतोय. तो तिने घेतला, आवाज बंद केला, रेंज नव्हती म्हणून आवाज आला नाही असं सांगता आलं असतं. तरी तिला धास्ती, अम्मीने ते चित्र इतक्यांदा पाहिलंय, तीच खोली, तेच ताट, लगेच ओळखेल. म्हणून तिने तुकडा उलटवला. आरशात दिसतं तसं, डावीकडचं उजवीकडे. भिंतीवरचं घड्याळ या बाजूचं त्या बाजूला गेलं आणि खोली वेगळी वाटायला लागली. उजमा रडत होती आणि तशीच काम करत होती. मला पांढरी किनार लावली, बकरी ईदच्या जेवणाच्या चित्रावर नेहमीच्या जागी बसवलं. मेलेल्या भावाला माझ्यात बसवताना त्या पोरीच्या जिवाचं काय झालं असेल! राग यावा तर कुणाचा, हे मला आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ लावला. शरीफभाई दारात उभे होते, आत यायची त्यांची हिंमत नव्हती. आमना उशीला टेकून बघत होती. सुफियान दिसला तशी तिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी कळा आली. तिने बोटं कपाळाला लावून मोडली, त्याची नजर काढली. मग ती पुढे सरकली. मागे घे म्हणाली. उजमाने मागे घेतलं. परत बघितलं, परत मागे घ्यायला लावलं.

"हा डाव्या हातान का जेवतोय?"

आमनाने या पोराला लहानपणी डावा हात ताटाकडे गेला की चापट मारून मारून उजव्या हाताने जेवायला शिकवलेलं होतं. काही झालं तरी तो डाव्या हाताने घास घेणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने आपल्या परीने अर्थ लावला. मशीनमध्ये पोराचा उजवा हात गेलाय. म्हणून फोन नाही, म्हणून बाया येऊन रडतात. ती नवऱ्याकडे वळली. तिच्या आवाजात सुटका होती, आता कळलं एकदाचं अशी.

"हात गेला तर जाऊ दे. मी भरवीन त्याला. पन माज्या पोराला घरी बोलवून घ्या."

इतके दिवस शरीफभाई खोटं बोलत आले, पण यावर त्यांना खोटं बोलवेना. ते येऊन खाटेवर बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आमना, सुफियान नाय राहिला."

आमना ओरडली नाही. कधी, म्हणून विचारलं. दफन करताना मिट्टी कोणी दिली, म्हणून विचारलं. तिकडे त्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांनी दिली, असं शरीफभाईंनी सांगितलं. मग तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, मग हा कोण? उजमाने हुंदके देत सगळं सांगितलं, जुना हाय, मी उलटा केलाय.

आमना म्हणाली, "सरळ कर त्याला. माज्या पोराला डाव्या हातान नको जेववूस."

उजमाने सरळ केला. सुफियान पुन्हा उजव्या हाताने जेवायला लागला आणि तेव्हा कुठे आमना रडली.

आमना त्यातून जगली, डॉक्टरांचा अंदाज चुकला. थोड्या दिवसांनी तिने उजमाला सांगितलं, आमची जेवणं नकोत, आमचं हसणं नको, ते सगळं काढ. उजमाने खालची पट्टी पुसून टाकली. आता पडद्यावर सगळीकडे काळोख आणि कोपऱ्यात एकटी मी.

मोठा कर, आमना म्हणाली. उजमाने मला ओढून पडदाभर केलं. पण तो कॉल कमी रेंजचा, ताणला तसा चेहरा फुटला. गालांचे चौकोन झाले, डोळे कुठे आणि हसू कुठे, काही कळेना. उजमाने खूप खटपट केली. मी असते तेवढ्यातच तो नीट दिसतो, जरा वाढवला की जातो.

तुमचं कुणी लांब असेल आणि फोनवर दिसत असेल, तर त्याला रेंजमध्ये उभं करून एकदा नीट, जवळून घेऊन ठेवा. माझ्या भरवशावर राहू नका, माझी कुवत एवढीशीच.

आमनाने शेवटी उजमाचा हात धरला. "राहू दे छोटाच," म्हणाली आणि आपली खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली.