उंदरांची सुईण

“घ्या सुईणबाई, सुटलात एकदाचे,” म्हणत कारकुनाने बदलीचा कागद पुढे सरकवला.

भरघोस मिशांच्या माणसाला सुईण म्हणायचं, हा संस्थेतला जुना विनोद. प्रयोगांसाठी लागणारे पांढरे उंदीर तिथे वाढवत, आणि गाभण माद्यांची खोली एकोणीस वर्षं त्याच्याकडे होती. दिवस भरत आले की मादीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं, घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या द्यायच्या, आणि व्याली की तिच्या वाटेला फारसं जायचं नाही. पण त्या खोलीला खिडकी नव्हती. गेली तीन वर्षं उंदरांच्या केसांनी आणि वासाने त्याचा श्वास कोंडत होता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, “काम बदला. छाती कायमची जाईल.” त्याने चार अर्ज केले. दर वेळी साहेब म्हणत, “एवढ्या मोकळ्या होऊ द्या.” बावीस दिवसांत त्या मोकळ्या होत, तोवर दुसऱ्या पोटुशा असतच.

पाचवा अर्ज मंजूर झाला. त्याच्या जागी एक मुलगी आली. चुणचुणीत, कामाला वाघ. तो भांडारात गेला. तिथे खिडकी होती. आठ दिवसांत खोकला थांबला. बायको म्हणाली, “अहो, झोपेत तुमचा आवाजच नाही. मी दोनदा उठून पाहिलं.”

नवव्या दिवशी ती मुलगी भांडाराच्या दारात येऊन उभी राहिली.

“काका, चौघींनी पिल्लं खाल्ली.”

“पिंजरे कधी बदललेस?”

“काल. चांगले घासूनपुसून. जुना भुसा, घरटी, सगळं फेकलं. किती घाण होती, काका.”

त्या घाणीच्या वासावरच आई आपली पिल्लं ओळखते. जुन्यातला मूठभर भुसा नव्यात टाकायचा, हातमोजे त्यात चोळायचे, मगच आत हात घालायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याच्या हातांना इतकं अंगवळणी पडलं होतं, की तिला सांगायचं त्याला सुचलंच नाही.

साहेबांनी बोलावून घेतलं. “अकरा जणी व्यायला टेकल्यात. दोन वर्षांचं संशोधन आहे. एवढा महिना सांभाळा.”

“साहेब, डॉक्टरांनी—”

“मास्क लावा ना.”

दाराशी मुलगी डोळे पुसत होती. “पंधरा दिवस,” तो म्हणाला. “हिला तयार करतो आणि परत जातो.”

साहेबांनी मान हलवली आणि फायलीतला बदलीचा कागद काढून खणात टाकला.

तीन दिवस मुलगी त्याच्या शेजारी उभी राहून शिकली. चौथ्या दिवशी आली नाही. तिला दुसरीकडे नोकरी लागली होती. कारकुनाने सांगितलं तेव्हा त्याला राग आला नाही. शहाणी निघाली, एवढंच त्याच्या मनात आलं. मग त्याने अंगरखा चढवला आणि आत गेला.

कोपऱ्यातली मादी व्यायला लागली होती. पहिलटकरीण, जरा कुठे खुट्ट झालं की दचकत होती. त्याच्या छातीत खरखर सुरू झाली. त्याने तोंडावर कोपर दाबून धरलं. डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं पिल्लू आलं, शेंगदाण्याएवढं, लालबुंद. मादीने ते हुंगलं, थांबली, मग चाटून पोटाखाली ओढून घेतलं.

तेव्हा तो पाय न वाजवता बाहेर पडला, आपल्यामागे दोन्ही दारं नीट लावली, आणि बोळात भिंतीला टेकून मनसोक्त खोकला.