आबासाहेबांच्या चार खुर्च्या

कंपनीने यंदा डीलरांना जहाजावर न्यायचं कबूल केलं होतं. मुंबईहून निघायचं, गोव्यापर्यंत जायचं, जहाजावरच पोहायचा तलाव, संध्याकाळी गाणी, दिवसभर खाणं. तसं पत्रक मी स्वतः उन्हाळ्यात दुकानोदुकानी वाटलं. पण पाऊस लांबला, विक्री ठरल्यापेक्षा कमी झाली आणि वरच्या लोकांनी जहाज रद्द करून त्याऐवजी भंडारदऱ्याचं एक रिसॉर्ट दिलं. नगर जिल्ह्यातल्या माणसांना नगर जिल्ह्यातच फिरायला न्यायचं, हे ऑफिसातल्या कोणाला सुचलं देव जाणे. शिव्या मी खाल्ल्या, कारण या भागातला कंपनीचा माणूस मी.

डिसेंबरात नगरहून दोन बस निघाल्या. खतं-बियाणं विकणारे डीलर आणि त्यांच्या बायका. माझ्या मागच्या सीटवर सहादेव आणि लंकाबाई हे जोडपं होतं. सहादेवचं शेवगावच्या पुढे एका गावात छोटं दुकान. माणूस सरळ, कष्टाळू, आणि समोर कोणी मोठा दिसला की अर्धा वाकलेला. लंकाबाई लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला जायच्या, लग्नानंतर शेत आणि दुकान यात अडकल्या. नवऱ्याबरोबर त्या आजवर गेल्या होत्या त्या मोहटादेवीला, लग्नांना, दहाव्यांना आणि एकदा नगरच्या दवाखान्यात. हे सगळं मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं, कारण संगमनेर येईपर्यंत त्या बोलतच होत्या.

"तिथं गेल्यावर मला काय बी नको," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "निस्तं दोघं पान्याकडं बघत बसू. तुमी आन् मी. दुकान न्हाई, गिऱ्हाईक न्हाई. येवढंच."

"बसू की," सहादेव म्हणाला. "त्याला काय लागतंय."

मला ते ऐकून बरं वाटलं. जहाजाच्या जागी धरण मिळालं तरी एक गिऱ्हाईक खूश होतं.

रिसॉर्ट धरणाच्या काठावर होतं. पोहायच्या टाकीपलीकडे, धरणाच्या अंगाला, लांब पाठीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. अंग पसरायचं आणि समोरचं पाणी बघत पडून राहायचं, अशी सोय. खुर्च्या दहा-बारा आणि माणसं त्याच्या कितीतरी पट. टाकीत कोणी उतरलं नाही. त्या थंडीत उतरणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण खुर्च्या बघितल्याबरोबर सगळ्यांच्या अंगात आलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षं गेली, त्यांना हे काही शिकवावं लागत नाही. बॅगा खोल्यांत जायच्या आधी खुर्च्यांवर टोप्या, उपरणी, पाण्याच्या बाटल्या आणि बायकांच्या पर्सा जाऊन बसल्या. एकाला दुसरं काही सापडेना, तर त्याने आमच्याच ठिबकच्या खताचं माहितीपत्रक खुर्चीवर ठेवलं आणि वर दगड ठेवला.

सहादेवने चार खुर्च्या धरल्या. कोपऱ्यातल्या, जिथून धरण सगळ्यात मोकळं दिसायचं त्या. त्याने खोलीतले टॉवेल आणून एकेका खुर्चीवर नीट अंथरले, सुरकुत्या काढल्या. लंकाबाई हातपाय धुऊन, केस विंचरून आल्या आणि त्यातल्या एका खुर्चीकडे निघाल्या.

"तिथं नगं," सहादेव पुढे होऊन म्हणाला. "आबासाहेबांच्या हायेत."

"चारी?"

"दोन त्यांना. येक बॅगंला. आन् भेटायला कोन आलं तर त्याला नको का?"

लंकाबाई मागे फिरल्या. पायऱ्यांवर जाऊन बसल्या.

आबासाहेब म्हणजे कर्जतचे मोठे वितरक. खताची गाडी आली की ती आधी कोणाच्या दारात उभी करायची, हे त्यांच्या एका फोनवर ठरतं. ऐन पेरणीत ज्याच्या दारात गाडी उभी, त्याच्या दुकानापुढे गर्दी. बाकीचे नुसते माश्या मारतात. त्यामुळे त्यांच्यापुढे वाकणारा सहादेव एकटा नव्हता. पण जागा धरण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नसेल. लग्न असो, सत्कार असो, की बाजार समितीचा कार्यक्रम, पुढच्या सोफ्याच्या कडेला टेकलेला सहादेव मी कैक वेळा पाहिला आहे. आबासाहेब मांडवात शिरले की हा उठतो, खांद्यावरच्या उपरण्याने सोफा झटकतो आणि मागे जाऊन उभा राहतो. तेवढ्यात त्याला त्यांचा एक नमस्कार मिळतो. त्यात तो खूश.

संध्याकाळी आबासाहेब आले. सहादेवने खुर्ची झटकली. आबासाहेब आडवे झाले, पुन्हा बसते झाले, एकदा या कुशीवर झाले, एकदा त्या.

"ह्याच्यावर मानूस धड बसत न्हाई, धड झोपत न्हाई," ते म्हणाले आणि कमरेला हात लावून खोलीत गेले.

मला वाटलं, सुटला बिचारा. पण सहादेव टॉवेल पुन्हा सारखे करायला लागला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"परत आले तर?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो चार टॉवेल घेऊन हजर होता. कानटोपी घालून, हात काखेत दाबून उभा. बसत मात्र नव्हता. चहा त्याने तिथेच मागवला. नाश्त्याला लंकाबाई बायकांच्या टेबलावर बसल्या, आणि एका ताटलीत दोन उपम्याचे गोळे घेऊन त्याला देऊन आल्या.

एव्हाना खुर्च्यांवरून कुरबुरी सुरू झाल्या होत्या. रुमाल टाकून माणसाने किती वेळ गायब राहायचं, हा मुद्दा होता. एसटीत त्याचा निकाल गाडी हलली की लागतो. इथे काही हलतच नव्हतं. त्यामुळे टोपी टाकून लोक झोपून येत होते, आंघोळ करून येत होते, एकजण तर रतनवाडीचं देऊळ बघून आला आणि खुर्ची आपलीच म्हणायला लागला. देवळाली प्रवराचे भागवतराव पाठीमागे हात बांधून त्या चार रिकाम्या खुर्च्यांपुढे येरझाऱ्या घालत होते.

"ह्या धरनाचं पानी खाली आमच्याच उसाला येतं," ते सहादेवला म्हणाले. "हक्कानं बघितलं तर समद्या खुर्च्या आमच्याच. निदान येक तरी दे."

"माझ्या असत्या तर चारी दिल्या असत्या, भागवतराव."

"मग ज्याच्या हायेत त्यो कुठंय?"

"येतील की."

भागवतराव माझ्याकडे आले. रविराज साहेब, तुम्ही निर्णय द्या, म्हणाले. आता युरियाबरोबर दुसरा माल गळ्यात मारू नका, यावर वरून दर महिन्याला परिपत्रक येतं, पण खुर्चीवर टॉवेल किती वेळ ठेवावा यावर अजून आलेलं नाही. तसं मी त्यांना सांगितलं. शिवाय आबासाहेबांना दुखावणं मलाही परवडणारं नव्हतं. ते पाय आपटत गेले.

दहाच्या सुमारास बोटी निघाल्या. सगळी जोडपी लाइफ जॅकेटं चढवून धक्क्यावर गेली. लंकाबाईंनी नवऱ्याला दोनदा हाक मारली. त्याने लांबूनच हात हलवला, तू जा म्हणून. त्या माझ्याच बोटीत होत्या. बोट मध्यावर गेली तशा बायका कळसूबाईचा डोंगर कुठला, पाणी किती खोल, हे नावाड्याला विचारत होत्या, आणि लंकाबाई वळून काठाकडे बघत होत्या. रिसॉर्ट तिथून लहान दिसत होतं. तरी चार पांढरे टॉवेल आणि त्यांच्याशेजारी उभा एक माणूस ओळखू येत होता. मला खरंच राग आला. माणसाने वाकावं, पण समोर कोणी असताना. रिकाम्या खुर्चीपुढे कसलं वाकायचं?

दुपारच्या जेवणाला लंकाबाई मुद्दाम पुष्पावतीबाईंच्या, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नीच्या, शेजारी जाऊन बसल्या. मी समोरच होतो.

"वहिनीसाहेब, तुमी खुर्च्यांवर बसाया आला न्हाईत?" लंकाबाईंनी विचारलं.

"कुठल्या खुर्च्या गं?"

"धरनाच्या अंगाच्या. आमचे मालक धरून बसलेत न्हवं, कालधरनं."

पुष्पावतीबाईंनी घास खाली ठेवला. "आमच्यासाठी? अगं, मला ऊन लागलं की डोकं उठतं. आन् ह्यांची कंबर तुला म्हाईत हाय. काल सांजच्याला हे जरा खाली येऊन गेले, त्येवढंच. बाकी आमी गादीवरनं उठलो न्हाई."

"साहेबांनी सांगितलं न्हवतं व्हय?"

"न्हाई बाई. कोनी सांगितलं त्याला?"

विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. लंकाबाईंनी मान हलवली आणि भाकरी चुरायला घेतली. नंतर कितीतरी वेळ त्या ती चुरत राहिल्या. मला वाटलं होतं की त्या आता उठतील, तडक जातील आणि नवऱ्याला चार शब्द सुनावतील. तसं काही झालं नाही. नवऱ्यावर कोणी जुलूम करत असेल तर बाईला निदान त्या जुलूम करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडता येतात. इथे तेवढीही सोय नव्हती. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं.

शेवटच्या दिवशी नाश्ता झाला की बस सुटणार होत्या. लोक बॅगा भरत होते, खुर्च्यांचं प्रेम आटलं होतं, ओळीतल्या निम्म्या खुर्च्या मोकळ्याच पडल्या होत्या. कोपऱ्यातल्या चार मात्र टॉवेल घालून तयार होत्या. मी टाकीजवळ उभा राहून माणसं मोजत होतो. लंकाबाई आल्या. जांभळी, घडी मोडलेली नवी साडी, केसांत रिसॉर्टच्या बागेतलं एक फूल.

"त्ये येनार न्हाईत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वहिनीसाहेबांनीच मला सांगितलं. त्यांनी कवा खुर्च्या मागितल्याच न्हवत्या."

"मागत्यात व्हय कुनी?" सहादेव म्हणाला. "आपल्याला कळाया पायजे."

लंकाबाईंनी कडेच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला, त्याची घडी घातली आणि ती नवऱ्याच्या हातात दिली. मग पदर सावरून त्या खुर्चीवर बसल्या, पाय वर घेतले आणि पाठ टेकली.

सहादेवने आधी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऊठ," तो हळूच म्हणाला. "बरं दिसत न्हाई."

"आल्यावर उठते."

"लोकं बघत्यात."

"बघू द्या. मी पान्याकडं बघतीय."

तो तसाच उभा राहिला, टॉवेल छातीशी धरून. भागवतराव बॅग ओढत चालले होते, तेही थांबले. आणि नेमके त्याच वेळी आबासाहेब जिन्याने खाली आले, काठी टेकत, बसकडे निघालेले. सहादेवच्या तोंडचं पाणी पळालं. तो दोन पावलं पुढे झाला, हाताने उगाच खुर्ची झटकल्यासारखं केलं. लंकाबाई उठायला लागल्या. दिलेला शब्द त्या पाळत होत्या.

"बस, बस गं," आबासाहेब लांबूनच म्हणाले. "ऊन चांगलं पडलंय. सहादेव, तू बी बस की रे. उभा कशापायी?"

"व्हय, व्हय, साहेब."

आबासाहेब बसच्या दिशेने गेले. त्यांची काठी फरशीवर वाजत वाजत दूर गेली. लंकाबाईंनी पुन्हा पाठ टेकली आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पहिल्यांदाच पाहिला. साहेबांनीच सांगितलं होतं. आता अडायचं काही कारण नव्हतं.

सहादेवने त्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावरचा टॉवेल एका कोपऱ्यात दुमडला होता, तो त्याने सरळ केला. मग तो खाली बसला. लंकाबाईंच्या खुर्चीच्या पायाशी, गार फरशीवर, मांडी घालून. शेजारी तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

लंकाबाईंचा हात खुर्चीवर थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला. भागवतराव काहीतरी बोलणार होते, मी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं.

कडेला मांडीइतकी उंच भिंत होती आणि तिच्यावर मधेमधे कुंड्या ठेवलेल्या. खुर्चीत टेकलं की तिच्यावरून धरण दिसायचं. फरशीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र नुसता चुना लावलेला दगड होता.

"दिसतंय का तुमास्नी पानी?" लंकाबाईंनी विचारलं.

"दिसतंय की," सहादेव भिंतीकडे बघत म्हणाला. "लई मोठं हाय."

बसचा हॉर्न वाजला तरी दोघं तशीच बसून होती.