अडीच किलोमीटर

“बेचाळीस गावांच्या दुधाला या भूतलावर एकच सर्वोत्तम जागा आहे, आणि आमच्या संगणकानं ती शोधली आहे,” असं दूध संघाचे सत्यजीत साहेब २००१च्या जूनमध्ये म्हणाले. ती जागा भीमेच्या पलीकडं, दौंडच्या अंगाला होती. मांडवगण फराट्याचं दूध अलीकडं होतं. ऑगस्टात दोन्हींच्या मध्ये पूर आला.

गावोगावचं दूध एका जागी आणून थंड करायचं, तिथून पुण्याला धाडायचं आणि सगळ्या टेम्पोंची धाव मिळून कमीत कमी व्हायची, एवढंच ते गणित. पुढच्या आठवड्यात पक्कं बांधकाम सुरू होणार होतं. तोवर त्या ऑगस्टातच पत्र्याच्या शेडमध्ये केंद्र चालू झालं.

मांडवगणच्या सावळाराम टेम्पोवाल्यानं पुलावरून वळसा घालून पहिली खेप नेली. एकतीस किलोमीटर. पोचेस्तोवर सहा कॅन नासले आणि केंद्रानं ते परत केले. गावात दूध घालणाऱ्या साखरबाईनं आपल्या वाटचं नासकं दूध भर चौकात त्याच्या टेम्पोच्या काचेवर ओतलं, आणि आता कलाकंद करून विक म्हणाली.

सावळाराम तसाच शिरूरच्या कचेरीत घुसला. त्यानं संगणकाच्या सात पिढ्या उद्धारल्या. संघात संगणकाची पहिलीच पिढी चालू होती, पण रागाच्या भरात तेवढं कोण मोजतं.

“साहेब, तुमच्या त्या डबड्याला नदी दिसत न्हाई व्हय? मी काय मासा हाय, पवत जायाला?”

साहेब शांतपणे म्हणाले की संगणकाला नदी कळत नाही, आकडा कळतो. मांडवगण ते पलीकडचं केंद्र अडीच किलोमीटर, हा आकडा गावातूनच आला आहे.

“कुठल्या येड्यानं दिला?”

साहेबांनी पाहणीचा कागद पुढं सरकवला. तारीख मे महिन्यातली. मेमध्ये पात्र कोरडं पडतं, सारं गाव वाळूतनं गाड्या घालतं, आणि कुणी अंतर विचारलं की तेच सांगतं. खाली माहिती देणाऱ्याच्या जागी सावळारामची सही होती, खाली दोन रेघा ओढलेली.

सावळाराम न सांगता खुर्चीवर बसला.

साहेब म्हणाले, एकतीस घालून गणित पुन्हा मांडू, केंद्र बहुतेक अलीकडं येईल. फक्त चूक कशी झाली ते सोमवारच्या सभेत सभासदांना दाखवावं लागेल, प्रत्येकाला कागदाची झेरॉक्स देऊन.

पहिल्या रांगेत साखरबाई बसणार, हे सावळारामला आत्ताच दिसत होतं.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “झेरॉक्स काढताना सहीवर तेवढं बोट ठेवा की.”