चंद्रिकाबाई प्रभुभोजन घेत नाहीत

गेल्या सात महिन्यांत चंद्रिकाबाईंनी चर्चमधलं प्रभुभोजन, येशूच्या आठवणीचा पाव आणि द्राक्षरस, घेतलं नव्हतं, आणि गंमत अशी की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तयार करायचं काम त्यांच्याकडेच होतं. पावाच्या कडा काढायच्या, मऊ भागाचे बोराएवढे तुकडे करायचे, द्राक्षरस इवल्या पेल्यांत ओतायचा, वर पांढरं कापड टाकायचं. लोक वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकू लागले की बाई मागच्या खोलीत शिरायच्या आणि रिकामे पेले विसळत उभ्या राहायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, कामाची बाई, घेतलं असेल तिथंच. विचारतं कोण!

झालं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. कुणी गेलं असतं, कुणी अंथरुणाला खिळलं असतं, तर महिला मंडळाच्या चार बायका घरी येऊन प्रार्थना तरी करून गेल्या असत्या. पण नवरा धडधाकट, मुलगी पुण्यात नोकरीला, स्वतः बाई एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायच्या, तेही बरं चाललेलं. फक्त आतून देव उठून गेला होता. रोज पहाटे त्या पवित्र शास्त्र उघडत, एक अध्याय वाचत, डोळे मिटून बसत. पूर्वी त्या अर्ध्या तासावर अख्खा दिवस निघायचा. आता ना रडू यायचं, ना राग. डोक्यावरच्या पंख्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

मग बाईंनी स्वतःच निकाल लावून टाकला. मन कोरडं असताना प्रभूच्या मेजावर हात घालणं म्हणजे लबाडी. मनात काहीतरी हललं की घेऊ. निकाल मोठा सोज्वळ होता आणि तितकाच वेडगळ, ताप उतरल्यावर औषध घेईन म्हणणाऱ्यातला. पण कुणाला ठाऊकच नव्हतं, तर समजावणार कोण? सात महिने काही हललं नाही, आणि आता न घेण्याचीही सवय होत चालली होती. याची भीती वाटायला हवी, एवढं बाईंना कळत होतं. वाटत मात्र नव्हती.

मेच्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चचे पाळकसाहेब बाईंना म्हणाले, "मावशी, केराआजींकडं जाऊन येऊ. चार महिने झाले, त्यांना भोजन मिळालेलं नाही."

केराबाई मूळच्या मंद्रूपच्या, नव्वदी ओलांडलेल्या. दोन वर्षं खाटेवर होत्या आणि पोटच्या मुलाचंही नाव विसरल्या होत्या. बाईंनी एका डबीत पावाचा एक तुकडा घेतला, बाटलीत थोडा रस आणि सोबत एक पेला घेतला, आणि पदर डोक्यावर ओढून पाळकसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसल्या. उन्हानं रस्ता ओस पडला होता.

आजींच्या नातसुनेनं, सोनमनं, उशी लावून त्यांना बसतं केलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. बाईंनी डोळे मिटले, उघडले. काही नाही. मग पाळकसाहेबांनी तुकडा आजींच्या तळहातावर ठेवला.

आजींनी तो तोंडाशी नेला आणि तिथंच थांबल्या. चंद्रिकाबाईंकडं बघत म्हणाल्या, "तू खाल्लंस का गं?"

सोनम हसली. "सगळ्यास्नी असंच इचारत्यात, मावशी. खाल्लं म्हना, मंजी झालं."

आजींचे हातपाय चालत होते तोवर त्यांच्या घरून कुणी उपाशी गेलं नव्हतं. नावं-गावं पुसली गेली होती, हे तेवढं राहिलं होतं.

'खाल्लं' म्हटलं असतं तर भागलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण समोर पाळकसाहेब हातात पेला धरून उभे, प्रार्थना नुकतीच झालेली. बाईंची जीभ वळेना.

"नाही, आजी."

"कवा खाल्लं हुतंस?"

"सात महिने झाले."

पाळकसाहेबांनी चमकून वर पाहिलं. सोनमचं हसू थांबलं. खोलीत एकट्या केराबाईंनाच नवल वाटलं नाही. त्यांना नुसतं वाईट वाटलं.

"सात म्हयनं! अगं, मरशील की."

"भूकच लागत नाही, आजी," बाई म्हणाल्या. सात महिन्यांत कुणाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं.

"न लागू दे. भूक न्हाय म्हनून जेवायचं सोडत्यात व्हय? खाल्लं की लागती. आ कर."

"आजी, हे तुमचं आहे. एकच आणलाय."

"मग निम्मा निम्मा. आलेल्या मानसाला उपाशी ठिवून मी खाऊ? आ कर म्हनते न्हवं."

आजींनी तुकडा मोडला. निम्मा सावकाश चंद्रिकाबाईंच्या तोंडाशी नेला, आणि हात तसाच धरून ठेवला. बाई पाळकसाहेबांकडं बघू शकल्या नाहीत. त्यांनी तोंड उघडलं. पाव उन्हानं वाळला होता. त्यांनी तो चावला आणि गिळला.

मग आजींनी आपलं तोंड उघडलं. बाईंनी उरलेला तुकडा त्यात घातला.  पाळकसाहेबांनी पेला आधी चंद्रिकाबाईंपुढं धरला.

आत अजूनही काही हललं नव्हतं. बाईंनी पेला घेतला.